मोल्दोवाच्या जॅमचे तीन नमुने

“आई, इथल्या तीन बरण्या कुठे गेल्या?”

“कुठे जातायत? त्या बघ.” मालिनीबाईंनी ओट्याकडे बोट दाखवलं. बरण्या घासूनपुसून लख्ख झाल्या होत्या, लेबलं बेपत्ता होती आणि आत लिंबाचं लोणचं होतं.

शंतनूने एक बरणी उचलून उलटसुलट फिरवून पाहिली. सरकारी कारखाने गुंडाळून जगाच्या बाजारात उतरलेल्या मोल्दोवा नावाच्या चिमुकल्या देशाची निर्यात कशी वाढेल, हे सांगण्याचं काम त्याची कंपनी अमेरिकेतल्या अल्फारेटा शहरात बसून करत होती. वर्षभरात त्याने जकात अभ्यासली, जहाजाचं भाडं अभ्यासलं, लेबलाचा रंग तीनदा बदलायला लावला. तरी तिथला प्लमचा जॅम अमेरिकेत कोणी घेईना. आज दहा वाजता एका बड्या दुकानसाखळीचा खरेदी पाहणारा डग एअरपोर्टला जाताजाता घरी यायचा होता. तो नाही म्हणाला की प्रोजेक्ट बंद, नोकरी बंद आणि देश सोडायची व्हिसाची साठ दिवसांची मुदत सुरू.

“अगं, ती सॅम्पल्स होती! जॅम कुठाय?”

“टाकीन की काय? डब्यात काढलाय. इतक्या छान बरण्या, म्हटलं लोणच्याला होतील.”

“लेबलांवर चार महिने घालवलेत मी, यार!”

“गरम पाण्यात दोन मिनिटांत निघाली.”

शंतनू येरझारा घालू लागला. दुसरी बरणी आणावी तर मोल्दोवा काही कोपऱ्यावर नव्हता. कचऱ्यातून एक ओलं लेबल उपसून त्याने ते टेपने स्टीलच्या डब्याला चिकटवलं. ते घसरलं. पुन्हा चिकटवलं, तेवढ्यात बेल वाजली.

डगकडे वीसच मिनिटं होती. शंतनू जकातीवर सुरू झाला, तोवर मालिनीबाईंनी गरम पोळीला जॅम फासून पाहुण्यापुढे ठेवलीसुद्धा. डगने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग डबाच जवळ ओढला.

“हा कुठला जॅम?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“मोल्दोवाचाच,” शंतनू ओशाळून म्हणाला. “पॅकिंगचं जरा... आईने बरण्या उघडून रिकाम्या केल्या. सॉरी.”

“हा तो जॅम? तुझी सॅम्पल्स आठ महिने आमच्या ऑफिसात पडून आहेत. कोणालाही ती उघडता आली नाहीत! झाकण बदला, मी एक कंटेनर घेतो.” डगने बॅगेतून त्यातलीच एक सीलबंद बरणी काढून अदबीने मालिनीबाईंपुढे धरली. “ही उघडून द्याल, प्लीज?”

शंतनूने ती मध्येच हिसकावली. वर्षभरात मोल्दोवाची बरणी उघडायची त्याची ही पहिलीच वेळ. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या, झाकण तसूभरही हललं नाही.

“दे इकडे,” मालिनीबाई म्हणाल्या. “त्यांचं विमान चुकेल.”