धुराचा बाजार आणि गावकरकाका

निवडणूक आली की भांडुपच्या आमच्या इमारतीत उमेदवार दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतात, वर बघून हात जोडतात आणि तिथूनच मागे फिरतात. कारण तिसऱ्या मजल्यावर गावकरकाका राहतात. मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो, त्यामुळे गेल्या दोन निवडणुकांत मला एकही पत्रक मिळालेलं नाही. तक्रार नाही, माहिती म्हणून सांगतो.

पूर्वी उमेदवार वर येत. काका त्यांना खुर्ची देत, गावाहून आलेल्या कोकमाचं सरबत देत आणि ग्लास ओठाला लागला की विचारत, "कार्बन ट्रेडिंगबद्दल तुमच्या पक्षाची भूमिका काय?" एकाने अर्ध्या ग्लासापर्यंत विचार केला आणि म्हणाला, "काका, निवडून आलो की पहिलं काम तेच. आपल्या वॉर्डात आणतो." उरलेलं सरबत काकांनी परत घेतलं.

"माझा विरोध नोंदवून घ्या," ते म्हणाले.

हे त्यांचं पेटंट वाक्य. रंगाच्या कंपनीत ते युनियनचे सरचिटणीस होते. कंपनी गेली, युनियन गेली, पण वाक्य राहिलं. कोथिंबीर महागली की भाजीवाल्याकडे विरोध नोंदवायचा. लिफ्ट बंद पडली की थेट लिफ्टकडे. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला सोलकढी नव्हती, तर स्टेजवर येऊन त्यांनी आधी आहेराचं पाकीट दिलं, मग नवऱ्यामुलाकडे विरोध नोंदवला. बिचारा अजून मला विचारतो, ते गृहस्थ नेमके कोणाकडचे?

पण त्यांचा खरा, पोटातून आलेला विरोध धुराच्या बाजाराला, म्हणजे त्या कार्बन ट्रेडिंगला. तो मला जिन्यात इतक्यांदा ऐकावा लागलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. सरकार प्रत्येक कारखान्याला धुराची मर्यादा घालून देणार. ज्याचा धूर कमी, तो उरलेला वाटा विकणार. ज्याचा जास्त, तो विकत घेणार आणि खुशाल धूर सोडणार. "आणि तो खर्च खय घालतलो?" काका इथे मालवणीत शिरतात, म्हणजे समजायचं की पारा चढला. "सिमेंटच्या गोणयेत, रंगाच्या डब्यात. डबो कोण घेता? तू आणि मी. म्हणजे धूर त्यांनी करूचो, बाजार त्यांनी मांडूचो आणि बिल आमका."

त्यांना तोडीस तोड भेटली ती आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, स्नेहल कांबळे. पहिल्या मजल्यावरची, तिशीतली, पवईच्या एका ऑफिसात धुराच्या वाट्यांच्या खरेदी-विक्रीचंच काम करणारी. ती म्हणायची, "काका, घाण करणाऱ्याच्या खिशाला चाट बसली ना, की तो आपोआप सुधारतो. नुसतं हात जोडून कोण ऐकतं?" काका म्हणायचे, खिसो त्याचो नसता गो, आमचो असता. दोघांची जुगलबंदी सुरू झाली की मी दूध आणायला निघालेला माणूस पिशवी घेऊन तिथेच बसायचो. असलं फुकटचं नाटक कोण सोडतं?

आणि मग मे महिना आला. संध्याकाळी एकजात सगळ्यांचे एसी सुरू झाले की इमारतीचा मुख्य फ्यूज उडायचा. अख्खी इमारत घामाघूम गच्चीवर. वीज कंपनी म्हणाली, नवी केबल पावसाळ्यानंतर. स्नेहलने सभा बोलावली आणि तोडगा मांडला: संध्याकाळच्या विजेचा प्रत्येक घराला सारखा वाटा. ज्याला कमी लागतो त्याने उरलेला वाटा शेजाऱ्याला विकावा, ज्याला जास्त हवा त्याने विकत घ्यावा.

सगळ्यांच्या माना गावकरकाकांकडे वळल्या. धुराचा बाजार दिल्लीहून निघून थेट आमच्या जिन्यात येऊन बसला होता.

काका उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मी खुर्ची जरा पुढे ओढली, चांगली जागा पकडली.

पण स्नेहलने त्यांना बोलूच दिलं नाही. "काका, विरोध नंतर. आधी एक ऐका. सगळ्यात कमी वीज तुमच्याकडे जळते. एक दिवा, एक पंखा. ही स्कीम आली तर अर्धी बिल्डिंग तुमच्याकडून वाटा घेईल. तुमचाच फायदा आहे यार."

लोक हसले. मीही हसलो. एकाने तर ओरडून विचारलं, "शेठ, आम्हाला काय भावाने लावणार?"

काका हसले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "ही असताना आमच्याकडे मिक्सर थांबत नव्हता. पोरं फ्रीज उघडा टाकून उभी राहायची. तिच्या आजारपणात हॉलमध्ये एसी घेतला, तो दिवसरात्र चालायचा. तेव्हा सगळ्यात जास्त बिल माझं होतं. आता कमी येता. ह्येका बचत नाय म्हणत, स्नेहल. घर रिकामां आसा. तां मी विकूचां?"



काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला, मुलगी इचलकरंजीला. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांच्या घरात दिवा एकच का लागतो, हे समोरच्या दारात राहून मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

"विकणार नाही," काका नेहमीच्या आवाजावर येत म्हणाले. "कोणाला वापरायचा असेल माझा वाटा, तर घरी येऊन वापरा. आणि माझा विरोध नोंदवून घ्या."

स्नेहलने तो नोंदवला. तोडगा बारगळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आपल्या घरचा एसी बंद केला, आईला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि काकांची बेल वाजवली. "वाटा वापरायला आलोय."

काकांनी हॉलमधल्या एसीवरची जुनी चादर काढली. ती त्यांनी दोनदा झटकली, मग घडी घालून काकूंच्या फोटोखाली ठेवली.

आता आमच्या मजल्यावर संध्याकाळी बाजार भरतो. माझी बायको मेथी घेऊन तिकडे बसते, स्नेहलची आई टीव्हीचा रिमोट सोडत नाही, आणि त्यांच्या मालिकेतल्या प्रत्येक सासूकडे काका विरोध नोंदवतात. पाच घरांचे एसी बंद, एक चालू. फ्यूज उडालेला नाही. स्नेहल म्हणते, बघा, वाटे फिरले की नाही? काका म्हणतात, फिरले, पण बाजाराशिवाय. हा वाद मिटावा असं दोघांनाही वाटत नाही.

काल जेवणाची वेळ झाली तशी एकेक मंडळी उठली, चपला शोधू लागली. काका दारात उभे होते, हातात सरबताचा जग. अजून अर्धा भरलेला.

"काय हो, निघालात सगळे?" ते म्हणाले. "माझा विरोध नोंदवून घ्या."

मी चप्पल काढली आणि परत आत जाऊन बसलो.