घोरपडबाईंच्या वर्गातला वाघ

एका जंगलात इंग्रजीची शाळा होती, बाळांनो. ही गोष्ट मीच सांगायला हवी, कारण माझ्याइतकं भारी इंग्रजी या पंचक्रोशीत कोणाचं नाही. मी बोलायला लागलो की भले भले साहेब तोंडात बोट घालून बघत राहतात. त्यांना काही कळत नाही. मलाही नाही. पण घाबरू नका, गोष्ट मराठीतच आहे. हाताची घडी सोडा. शेंगदाणे खात ऐकलं तरी चालेल.

तर त्या शाळेत घोरपडबाई शिकवत. नोकरीला अगदी घोरपडीसारख्या चिकटलेल्या. त्यात त्यांचा दोष नाही. त्या घोरपडच होत्या. शाळा वडाखाली, आणि बाईंचं बीळ वडाच्या मुळाशी. मधल्या सुट्टीत घरी जाऊन, जेवून, डुलकी काढून परत येता येई. अशी नोकरी माणसांतसुद्धा मिळत नाही.

बाई शिकवायच्या जुन्या पद्धतीनं. स्टोन म्हणजे दगड. मड म्हणजे चिखल. पोरं एका सुरात ओरडायची, "स्टोन म्हणजे दगड!" पिढ्यान् पिढ्या अशाच ओरडून मोठ्या झाल्या. एकालाही इंग्रजी आलं नाही, आणि एकाचंही काही अडलं नाही.

मग एका थंडीत करकोचेसाहेब उतरले. करकोचे दर थंडीत लांबून येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. हे तर विलायतेहून आलेले. कोणती विलायत, ते कोणी विचारलं नाही. लांबून आलेल्याला असलं विचारायचं नसतं.

साहेबांनी एका पायावर उभं राहून तास ऐकला.

"बंद करा!" ते म्हणाले. "वर्गात मातृभाषा? शी! आणि अर्थ सांगायचा नसतो, बाई. वस्तू दाखवायची. मँगो शिकवायचा तर मँगो आणा. टायगर शिकवायचा तर टायगर आणा."

"चित्र चालेल का, साहेब?"

"चित्र म्हणजे फसवणूक. आणि तुम्ही फार बोलता. शिकवणाऱ्यानं गप्प बसावं, शिकणाऱ्यानं बोलावं. पुढच्या थंडीत येऊन तपासीन. पोरं घडाघडा बोलली नाहीत, तर तुमची बदली मोकळ्या माळावर!"

हे सगळं साहेबांनी अस्खलित मराठीत सांगितलं.

माळ म्हटल्यावर बाईंची शेपटी गार पडली. माळावर झाड नाही, बीळ नाही. वर घिरट्या घालणारा गरुड मात्र आहे, आणि त्याला घोरपड फार आवडते. शिक्षिका म्हणून नव्हे.

होळीच्या सुमाराला साहेब उडून गेले आणि बाई वाघाच्या गुहेकडे निघाल्या. प्रत्येक पावलाला मनात गरुड आणायच्या, म्हणजे पाऊल पुढं पडायचं.

वाघ माशा मारत पडला होता.

"वाघोबा, एक विनंती होती," बाई दारातूनच म्हणाल्या. "पोरांना टायगर दाखवायचाय. नुसतं येऊन उभं राहायचं. काही करायचं नाही."

"मला बोलावताय? मला?" वाघाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कधी कोणी बारशाला बोलावलं नव्हतं की लग्नाला. एका लग्नाला तो न बोलावता गेला होता, तर मुंडावळ्या तेवढ्या उरल्या.

वाघ वर्गात आला. वर्ग वडावर गेला.

"टायगर," बाई म्हणाल्या.

"टायगर!" फांद्यांवरून पोरं ओरडली. आजवर एकही धडा इतक्या लवकर पाठ झाला नव्हता.

वाघ भलताच खूश झाला. आपलं नाव सगळे एवढ्या मनापासून घेतात, हे त्याला नवीन होतं. तो हलेचना. "मीही शिकणार," म्हणाला आणि पहिल्या रांगेत बसला. "अगदी पहिल्यापासून."

आता वाघाला नाही कोण म्हणणार? पण ॲपल जंगलात मिळेना. बॉल नव्हता. कॅट म्हणून रानमांजराला निरोप धाडला, तर ते वाघाचं नाव ऐकून शेजारच्या जंगलात राहायला गेलं. शेवटी बाईंनी एक पिकलेला आंबा आणला.

"मँगो," बाई म्हणाल्या. साहेबांचा हुकूम; पुढं एक अक्षर बोलायचं नाही.

वडावरून माकडाचा हात आला, आंबा उचलला आणि तिथल्या तिथं खाल्ला.

वाघ विचारात पडला. आधी दाखवतात. मग नाव घेतात. मग लगेच खातात. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो वळला. मागं भिक्या ससा नुकताच धीर करून खाली उतरला होता.

"मँगो!" वाघ आनंदानं म्हणाला.

आता आली पंचाईत. समजावून सांगावं, तर मातृभाषा बंद. 'नो' म्हणावं, तर 'नो' दाखवायचा कसा? वाघाला जन्मात कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. वस्तू आणायची कुठून?

भिक्याला जुन्या पाठांतरातलं एक काहीतरी आठवलं. तो गोळा होऊन, डोळे मिटून, घट्ट बसला.

"आय स्टोन!"

वाघानं हुंगलं. मग बाईंकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी चुकीचं उत्तर कधी बरोबर ठरवलं नव्हतं.

"स्टोन," बाई म्हणाल्या. "व्हेरी गुड."

वाघ रंगी नावाच्या पाडसाकडं वळला. "मँगो?"

"आय मड!" म्हणत रंगी चिखलात लोळली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळी पोरं बाईंच्या बिळाशी गर्दी करून उभी. आजवर शाळा सुटल्यावर पोरं बाईंपासून लांब पळत.

"बाई, अजून शब्द द्या की!" भिक्या म्हणाला. "नुसत्या दगडावर कसं भागायचं? वाघोबा उद्या विचारणार, दगडाला कान कशाला?"

"ग्रास म्हण," बाई म्हणाल्या. "दगडावर गवत उगवतंच."

"आणि दगड पळाला तर?"

"तर विंड म्हण. आणि पळ."

तुम्हाला वाटेल, पोरांनी शाळाच का नाही सोडली? अहो, शाळेत वाघ विद्यार्थी होता; विचारल्याशिवाय खात नव्हता. शाळेबाहेर तो जुन्या पद्धतीनंच जेवायचा. त्यामुळं सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे वर्ग. आजारी पोरंही फरफटत येऊ लागली. घरी आया मुलांना झोपवताना विचारायच्या, "सांग बरं, तू कोण?" आणि पोरं झोपेतसुद्धा म्हणायची, "काऊडंग."

पावसाळा सरेपर्यंत वर्ग घडाघडा बोलू लागला. वाघ प्रश्न विचारी, पोरं उत्तरं देत. चुकायला कोणी भीत नव्हतं; भ्यायला दुसरं कारण होतं. बाई गप्प बसून पानं चघळत. साहेबांनी सांगितलेलं सगळं तंतोतंत झालं होतं.

थंडी पडली आणि साहेब उतरले. वाघाला त्यांनी पाहिलं नाही. पुढं बसणाऱ्याकडं तपासणाऱ्याचं लक्ष कधीच नसतं. ते ऐटीत दोन रांगांमधून चालत गेले आणि भिक्यापुढं थांबले.

"हू आर यू?"

"आय ॲम अ स्टोन, सर. व्हेरी ओल्ड स्टोन. ग्रास ऑन टॉप. नो टेस्ट, सर, नो टेस्ट ॲट ऑल."

साहेबांची चोच उघडी राहिली. एवढं लांब इंग्रजी त्यांनी विलायतेतही ऐकलं नव्हतं. पण चूक काढल्याशिवाय तपासणी झाली असं वाटत नाही ना!

"राँग!" ते कडाडले. "यू आर नॉट अ स्टोन! यू आर अ रॅबिट!"

पहिल्या रांगेतलं पिवळं अंग सावकाश उठलं.

"नॉट स्टोन?" वाघानं बाईंना विचारलं.

बाईंच्या डोळ्यांपुढं एकीकडं भिक्या, एकीकडं माळ. साहेब बरोबर म्हणावं, तर वर्ग संपला. साहेब चूक म्हणावं, तर बदली ठरली, आणि वर गरुड. बाईंनी एकदा जीभ बाहेर काढली, आत घेतली.

"सर इज राइट," त्या म्हणाल्या. "सर कम फ्रॉम फार. इन सर'स कंट्री, स्टोन इज रॅबिट."

"ओ," वाघ म्हणाला. त्याला पटलं. मग त्यानं साहेबांची लांब मान खालपासून वरपर्यंत पाहिली. अशी वस्तू त्याला कोणी दाखवली नव्हती.

"अँड यू?" त्यानं विचारलं. "मँगो?"

करकोच्याला उडायला आधी लांब धावावं लागतं, बाळांनो, आणि धावायच्या वाटेवर वाघ उभा होता. साहेब एक पाऊल मागं सरले. वाघ जरासा गुरगुरला. साहेबांनी मान आखडून पंखांत घेतली आणि होते तिथंच गोळा होऊन बसले.

"आय स्टोन," ते म्हणाले. "आय व्हेरी व्हेरी स्टोन."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नवीन विद्यार्थ्याला पहिल्या उत्तराला टाळ्या द्यायच्या, अशी त्या वर्गाची रीत होती. वाघ समाधानानं जागेवर जाऊन बसला.

सगळा वर्ग पास झाला. बाईंची बदली रद्द झाली. साहेबांनी हे सगळं बसल्या बसल्याच जाहीर केलं.

शाळा सुटली, वाघ जेवायला गेला. मग नदीकाठी साहेब बाईंवर घसरले.

"हे कसलं इंग्रजी, बाई? एक शब्द जागेवर नाही! एक पोरगं खरं बोलत नाही! माझी सगळी पद्धत तुम्ही पाण्यात घातलीत!"

"असेल साहेब," बाई म्हणाल्या. "पण पोरांना दगड व्हायला सगळा पावसाळा लागला. तुम्ही एका गुरगुरण्यात झालात. मग पद्धत वाईट म्हणायची, की विद्यार्थी हुशार?"

तात्पर्य: परकी भाषा लवकर यावी असं वाटत असेल, तर पुस्तक बदलू नये, बाई बदलू नये. वर्गात एक वाघ बसवावा. वाघ न मिळाल्यास घरी पाहुणे बोलवावेत आणि पोराला त्यांच्यापुढं उभं करून म्हणावं, "बाळा, काकांना जरा इंग्रजीत बोलून दाखव बरं." पोराचा तेव्हाच दगड होतो.