नंबराला लावलेला रिकामा मेल

"साहेब, आता आपला मेल बंद पडला तर मी अंबिका नाव लावणार नाय," असं तिनं भर ऑफिसात छातीवर हात ठेवून सांगितलं, तो सोमवार होता. मंगळवारी दुपारी मेल बंद पडला. बोलून दाखवणाऱ्याला एक दिवस मिळाला, हेही काही कमी नाही म्हणा.

पण असं मधूनच सांगायला लागलो तर तुम्ही म्हणाल, ही अंबिका कोण आणि मेल कुणाचा. तर ऐका. गाव आपलं संभाजीनगर. पाट्यांवर तेव्हा अजून औरंगाबादच होतं. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं, आणि शहर मात्र सुटलेलं वाढत. बायपासच्या पलीकडं काल जिथं ज्वारी डोलत होती तिथं आज तिसरा स्लॅब पडायचा. माणसं आली, बिल्डिंगा आल्या, पाणी काही आलं नाही. अशा दिवसांत धंदा कुणाचा चालणार? टाक्यावाल्याचा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आप्पासाहेबांचा प्लास्टिकच्या टाक्यांचा कारखाना होता. आप्पासाहेब रोज सकाळी आभाळाकडं बघायचे, ढग नाही दिसला की त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच दोन्ही कानांना हात लावायचे. माणूस पापभीरू होता.

त्यांच्या ऑफिसची सगळी व्यवस्था अंबिका बघायची. ती कन्नड तालुक्यातली, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली. कॉम्प्युटरचा कोर्स केला, उस्मानपुऱ्यात खोली घेतली आणि आप्पासाहेबांकडं सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. सहा महिने काम बघायचं, पटलं तर पक्की, नाहीतर रामराम. ते सहा महिने आता संपतच आले होते. आणि त्यावर एकट्या अंबिकाचंच भवितव्य नव्हतं. तिची धाकटी बहीण सृष्टी बारावी होऊन कॉलेजासाठी शहरात यायला पिशवी भरून बसली होती. त्यांच्या आबांनी, म्हणजे मल्हाररावांनी, पाचर मारून ठेवली होती. "आधी तुझं पक्कं होऊ दे. एकीचाच भरवसा नाय, दोघी जाऊन काय करता तिथं?" सृष्टी रोज फोन करून एकच विचारायची, "अक्का, झालं का गं?"

म्हणून अंबिकानं जीव तोडून काम केलं होतं. ऑफिसचा सगळा कारभार तिनं इंटरनेटवरच्या नव्या व्यवस्थेत नेला. प्रत्येकाला कंपनीच्या नावाचा मेल दिला. फाईल जोडून पाठवायची नाही, तिची नुसती लिंक पाठवायची, म्हणजे सगळ्यांना एकच फाईल दिसते, हेही तिनं एकेकाच्या खुर्चीमागं उभं राहून शिकवलं. फक्त आप्पासाहेबांनी पूर्ण पॅकेज घेतलं नव्हतं. "आधी चालवून बघू," म्हणाले. त्यामुळं पॅकेजही चाचणीवर होतं आणि ते चालवणारीही चाचणीवर.

मंगळवारी आप्पासाहेबांना उत्साह आला. नव्या टाकीचा फोटो त्यांनी एका दमात मराठवाड्यातल्या झाडून सगळ्या दुकानदारांना पाठवला. दुपारी मेल ठप्प. पडद्यावर सूचना आली की तुमची आजची मर्यादा संपली, उद्या प्रयत्न करा.

"म्हंजी? बंद पडला का नाय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"बंद नाय साहेब, आजच्यापुरता संपला," अंबिका म्हणाली. नाव वाचवायचं होतं ना. "चाचणीच्या पॅकेजात अख्ख्या कंपनीला मिळून दिवसाला ठरावीकच मेल जातात. एक मेल शंभर जणांना टाकला तर शंभर धरतात."

कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा तिला एक दृष्टांत सुचला. तो सुचला नसता तर ही गोष्टच घडली नसती. ती म्हणाली, "नळासारखं समजा. ठरलेलं पाणी येतं. संपलं की संपलं. सकाळी परत येतं."

एकदम सगळ्यांच्या माना हलल्या. इतकं चटकन त्या ऑफिसला आजवर काहीच समजलं नव्हतं. माल पाठवण्याचं काम बघणारे काकासाहेब तर उठूनच उभे राहिले. "असं सांग की मग," ते म्हणाले. "आता काळजी नको. आमच्या कॉलनीत टँकर येतो, आम्हाला सगळं ठावं हाय." अंबिकाला वाटलं, आपण काय झकास शिकवतो. खुशीत घरी गेली.

बुधवार महत्त्वाचा होता. पुण्याच्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेला वसतिगृहांसाठी टाक्या हव्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर आप्पासाहेबांनी स्वप्नात सुद्धा बघितली नव्हती. टाक्यांचे दर चार वाजायच्या आत पाठवायचे, तेही नोंदवलेल्या कंपनीच्या मेलवरूनच. घरगुती मेल चालणार नाही, फोन चालणार नाही. आप्पासाहेबांनी आदल्या संध्याकाळीच अंबिकाला बोलावून सांगितलं होतं, "हे एवढं नीट झालं की तुपलं पक्कं करून टाकू."

बुधवारी ती आली, कॉम्प्युटर लावला, आणि समोर तीच सूचना. आजची मर्यादा संपली.

ऑफिसची वेळ नुकती झालेली. शिपायानं झाडूसुद्धा पुरा मारला नव्हता.

"कुणी पाठवले एवढे मेल?" अंबिकाचा आवाज चिरकला.

काकासाहेब शांतपणे चहा फुंकत होते. "म्या पाठवले. उजाडायच्या आत येऊन बसलो. नळ आला की भरून घ्यावं, मागून कुणाला काय मिळतंय?"

"पण काका, कुणाला पाठवले?"

"सगळ्यांला. आज ज्याला ज्याला मेल लागंल असं वाटलं, त्याला एकेक लावून दिला."

"काय लिहिलं त्यात?"

"काय नाय लिहिलं. रिकामे हायेत." काकासाहेबांना तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "टँकर यायच्या आधी आपण रिकामा हंडा नंबराला लावून येतो का नाय? भरायचं नंतर. आधी नंबर तर लागू द्यावा."

अंबिकानं बाकीच्यांना विचारलं. बरं, काकासाहेब एकटे नव्हते. गोडाऊनच्या तिघांनी उद्याला उपयोगी पडतील म्हणून स्वतःलाच मेल पाठवून साठा केला होता. हिशेबाच्या बाईंनी शेजारणीकडून दोन उसने मागितले होते. सगळ्या ऑफिसनं मिळून उजाडता उजाडता कंपनीचा नळ कोरडा करून टाकला होता. आणि दृष्टांत कुणाचा? तिचाच.

आप्पासाहेब आले. त्यांना सांगितलं. त्यांनी पडद्यावरची सूचना स्वतः वाचली. मग म्हणाले, "पूर्ण पॅकेज घेऊन टाक. आत्ताच्या आत्ता."

तिनं घेतलं. घेतल्या घेतल्या मेलवाल्या कंपनीचा गोड निरोप आला की आपले आभार, वाढीव मर्यादा उद्यापासून लागू होईल. आप्पासाहेबांनी तो निरोप वाचला आणि केबिनचं दार आतून लावून घेतलं.

दुपार झाली. अंबिकानं मेलवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावून लावून कान लाल करून घेतला. तिथली मुलगी दर वेळी अगदी आस्थेनं ऐकून घ्यायची आणि उद्या सकाळी सगळं सुरळीत होईल असं सांगायची. उद्याचं काय करायचं? आज चारनंतर उद्याला काय अर्थ होता? मध्येच सृष्टीचा फोन आला तेव्हा तिला रडूच यायचं बाकी राहिलं. "नंतर करते," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. पुण्याहून संस्थेचे खरेदी अधिकारी, साळुंके.

"मॅडम, तुमचा मेल सगळ्यात आधी आला. उजाडतानाच. आमचे मोठे साहेब म्हणाले, ही कंपनी कामाची दिसते. पण आत दरपत्रकाची लिंक आहे ती उघडली, तर फाईल कोरी. ही काय चेष्टा आहे?"

अंबिका उठून उभी राहिली. लिंक! काकासाहेबांनी रिकामा मेल पाठवला होता खरा, पण तिची शिकवण म्हातारा विसरला नव्हता. कोऱ्या फाईलची लिंक लावून पाठवली होती. मेल कधीच पुण्याला पोचला होता. आता त्या फाईलमध्ये लिहायला मेल कशाला लागतो? लिहिण्याला तर कसलीच मर्यादा नव्हती.

"चेष्टा नाही साहेब," ती म्हणाली. "मुदत चारची आहे ना? चारच्या आत भरते."

"बरं. मी फाईल उघडूनच ठेवतो," साळुंके म्हणाले. हे शेवटचं वाक्य अंबिकाच्या कानावरून गेलं. डोक्यात गेलं नाही.

तिनं केबिनचं दार वाजवलं. आप्पासाहेब बाहेर आले, प्रकार कळला आणि माणसात आले. तिच्या खुर्चीमागं उभे राहून सांगायला लागले, ती लिहायला लागली.

"दर जरा चढता लाव. ते घासाघीस करणारच, मग आपण उतरू."

तिनं चढता लावला.

"लई झाला. उतरव."

तिनं खोडून उतरता लिहिला.

"थांब थांब. संस्था मोठी हाय, त्यांला काय कमी? परत चढव."

तिनं परत चढवला. "टाक्या कधी मिळतील लिहू?"

"पंधरा दिवसांत लिही. झाल्या तर झाल्या."

घाईत तिनं 'झाल्या तर झाल्या' सुद्धा लिहिलं, आणि खोडायला गेली, तेवढ्यात दराच्या खाली आपोआप अक्षरं उमटायला लागली. अंबिकाचे हात तर मांडीवर होते. अक्षरं एकामागून एक आली आणि वाक्य झालं.

'मधला दर बरा होता. तोच राहू द्या. साळुंके.'

आप्पासाहेब वाकले. "हे कोण लिहू राहिलं?"

"साळुंके साहेब."

"ते तर पुण्यात हायेत ना?"

"व्हय. पण फाईल त्यांनीबी उघडलेली हाय. आपण लिहितो ते त्यांना तिथं दिसतं."

"कधीपासून?"

अंबिका पडद्याकडंच बघत म्हणाली, "पहिल्यापासून, साहेब."

आप्पासाहेबांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी पडद्यावर आणखी एक ओळ चालत आली. 'अजिंठ्यालाबी ह्याच दरात द्या. मागच्या खेपेला जास्त घेतला. रामकिसन.' रामकिसन म्हणजे अजिंठ्याचा दुकानदार. त्याच्या पाठोपाठ कन्नडचा दुकानदार आला. मग पैठणचा.

"ही माणसं आपल्या फायलीत शिरली कशी?"

"फाईल एकच केली म्या," काकासाहेब मागून अभिमानानं म्हणाले. "सगळ्यांला तीच लावून दिली. माणसागणिक नवीन कशाला करत बसायची?"

म्हणजे अख्खा मराठवाडा टाक्यांचा दर चढता-उतरताना बघत बसला होता. आता लपवायचं काय आणि कुणापासून? अंबिकानं आप्पासाहेबांकडं बघितलं. त्यांनी कपाळ पुसलं आणि हात सोडून दिले. "मधला लाव. आता उघड्यावरच पडलो तर सगळ्यांलाच मधला."

तिनं मधला दर लिहिला, 'झाल्या तर झाल्या' खोडलं, आणि चार वाजले.

पुढचा वेळ कुणी जागचं हललं नाही. फोन वाजला. साळुंकेच होते.

"मॅडम, मोठ्या साहेबांना मी शेजारी बसवून सगळं दाखवलं. ते म्हणाले, इतकी वर्षं खरेदी करतोय, पण विकणाऱ्याच्या मनातलं असं समोर कुणी मांडलं नाही. ऑर्डर तुम्हाला. फक्त ते पंधरा दिवसांचं नक्की ना? नाही, म्हणजे मध्ये काहीतरी वेगळं वाचलं."

"नक्की," अंबिका म्हणाली. फोन ठेवला, आणि मग मात्र ओरडली. ऑफिस ओरडलं. गोडाऊनमधली माणसं धावत आली. इकडं दुकानदारांचे फोन सुरू झाले, मधल्या दराच्या बातमीनं अजिंठ्यापासून पैठणपर्यंत सगळ्यांना टाक्या हव्या होत्या. एका दुपारी एवढा माल त्या कारखान्यानं कधी विकला नव्हता. काकासाहेब कुणी विचारो न विचारो, सांगत सुटले, "नंबर लावून ठेवला व्हता ना म्या." आणि त्या दिवशी त्यांना गप्प बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आप्पासाहेबांनी पेढे मागवले. पहिला अंबिकाच्या हातावर ठेवला. "आजपासून तू पक्की. नेमणुकीचं पत्र सकाळी मेल चालू झाला की पयलं तुलाच पाठवतो."

अंबिकाचे डोळे भरून आले. तिनं तिथूनच घरी फोन लावला. सृष्टीनं किंकाळी फोडली, मग फोन आबांकडं गेला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्र कुठं हाय?"

"मेलवर येणार हाय, आबा."

"हातात धरता येतं का ते?"

"नाय, पण..."

"मंग कागद आण. सही-शिक्क्याचा. तवर सृष्टीची पिशवी हाय तिथंच ऱ्हाऊ दे."

आप्पासाहेब दुसरा पेढा तोंडात टाकत होते. अंबिका हळूच त्यांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, ते पत्र जरा कागदावर मिळंल का? सही करून, गोल शिक्का मारून?"

"कागदावर? तू मागू राहिली?" आप्पासाहेबांचा घास तोंडातच राहिला. "अगं, अख्खं ऑफिस मेलवर नेलंस ना तू?"

"व्हय साहेब," अंबिका खाली बघत म्हणाली. "पण आमच्या आबांचा मेलवर भरवसा नाय." आणि मागं कुणी ऐकत नाही ना हे बघून तिनं आवाज आणखी उतरवला. "आजच्या दिवस मपलाबी नाय."