सोवळ्यातलं बियाणं

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, तिथं माझे सोयरे आहेत, तर तिथं भात पिकेनासं झालं. नाकातलं बोट काढा अन् नीट ऐका, पोरांनो.

तिथं एक म्हैस होती. भागाबाई. ती म्हणाली, "चांगलं संकरित बियाणं मी करते. सगळ्यांना देते." मग तिनं काय केलं? स्वतःचं लोळायचं डबकं मोडलं अन् त्यात भात लावलं. म्हशीनं डबकं मोडायचं म्हणजे चेष्टा नाही. तुमचा मोबाईल काढून घेतल्यावर तुम्ही कसे जमिनीवर लोळता? तेवढं मोठं दुःख.

आता संकरित बियाण्याची गंमत ऐका. एका जातीच्या ओळी नर, दुसरीच्या मादी. मादीला स्वतःचा पराग नसतो. ऊन वर आलं, फुलोरा उघडला, की दोघांनी दोरी धरायची अन् नराच्या लोंब्यांवरून ओढायची. पराग उडतो, मादीवर पडतो, दाणा भरतो. बास.

हसतोस काय रे? गप बस.

भागाबाई अन् तिचा नवरा रेडोबा रोज दोरी ओढायचे.

राजा होता सिंह. बियाण्याचा दर्जा बघायला त्यानं घुबडअण्णांना नेमलेलं. दिवसा अण्णांना नाकापुढचं दिसत नाही. पण भर उन्हात वाफ्यात काय चाललंय, ते मात्र लख्ख दिसलं.

"शी शी शी! उघड्यावर? लेकराबाळांदेखत?"

"अण्णा, भात आहे ते," भागाबाई म्हणाली.

"भाताला आईबाप नसतात का?"

"असतात ना. त्यांचीच तर गाठ घालून देतोय."

अण्णांनी कान झाकले. अन् राजाचा हुकूम आणला. नर-मादीच्या मध्ये कापडाचा पडदा लावायचा. दोरी जप्त.

भागाबाई सिंहाच्या पाया पडली. "महाराज, फुलोरा थांबायचा नाही. आता दाणा भरला नाही तर जंगलाला बियाणं नाही. माझं डबकंही फुकट गेलं."

"बाई, पोट काय, कसंही भरतं," सिंह म्हणाला. "पण शेजारच्या जंगलात मी तोंड कसं दाखवू?" अन् जांभई दिली.

कापणी झाली. नराच्या ओळी टच्च भरलेल्या. त्यांचं त्यांच्यात भागतं. ते भात अण्णांनी दरबारात शिजायला धाडलं. मादीच्या ओळींत नुसती फोलपटं.

"हेच आपलं बियाणं!" अण्णा म्हणाले.

गोदाम बांधलं. फोलपटं कडक वाळवली. कडुनिंबाचा पाला घातला. पोती फळ्यांवर रचली. साठवण असावी तर अशी!

सिंह तपासणीला आला. "ओल?"

"थेंबभर नाही, महाराज."

"सोंडे?"

"आत शिरले होते. उपाशी मेले."

"उंदीर?"

"येऊन बघून गेला. रडत होता बिचारा."

"पोती उचलायला हमाल?"

"लागतच नाही. ससा कानावर पोतं नेतो."

सिंहानं अण्णांच्या पंखाला फीत लावली. उत्कृष्ट दर्जा!

पेरणी आली. सगळ्यांनी अण्णांचं बियाणं पेरलं. काडी उगवली नाही. हरणं, ससे, सगळे अण्णांकडं गेले. पुढं भागाबाई.

"अण्णा, उगवेना हो."

"संस्कारी बियाणं आहे ते. उघड्यावर डोकं वर काढत नाही."

"मग खायचं काय आम्ही?"

"शेजारच्या जंगलातून भात मागवलंय."

"अहो, ते तर दोरी ओढतात!"

"आपण डोळे मिटून खायचं," अण्णा म्हणाले. "अन् भागाबाई, तुझा वाफा रिकामा कर. दुसरं गोदाम तिथंच बांधायचंय. पहिलं अजून भरलेलंच आहे."

तात्पर्य: बियाणं जन्मभर टिकायला हवं असेल, तर त्यात दाणा भरू देऊ नये. कीड लागत नाही, उंदीर फिरकत नाही, अन् फीत मिळते ती वेगळीच. मगाशी जो हसला, त्यानं अण्णांची माफी मागून यावं. दिवसाच जा. त्यांना दिसायचं नाही.