मल्लप्पाच्या नावावर

गवंड्याची मजुरी रोजची दीड रुपया आणि काम महिन्याचं, म्हणजे पंचेचाळीस रुपये. वेणीमाधवांचा गिरणीच्या कचेरीतला पगार चाळीस. घर आपल्या हातांनी उभं केलं तर पगाराहून पाच रुपये जास्तच पदरात पडतात, हे एकदा लक्षात आल्यावर त्यांना झोप लागेना. मल्लप्पा गवंडी काम मागायला आला होता, त्याला त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं आणि कचेरीतून महिन्याची बिनपगारी रजा काढली. कारण लिहिलं, 'गवंड्यावर देखरेख'.

तसं लिहिणं भागच होतं. कारकून माणूस चिखल तुडवतो हे हेडक्लार्क मुकुंदरावांना कळलं असतं, तर कचेरीत मान वर करायची सोय राहिली नसती. म्हणून वेणीमाधव पंचा नेसून काम करीत ते आतल्या बाजूने. स्टेशनच्या रस्त्याने जाणाऱ्याला नुसती वाढत जाणारी भिंत दिसे. आतून ती बरी होती. बाहेरून मात्र तिने जागोजाग पोट सोडलं होतं, पण बाहेर जाऊन पाहणार कोण?

पुढच्या दाराची चौकट जोशीबुवांनी मुहूर्तावर उभी करून दिली आणि बजावलं, की शुक्रवारी पूजा होऊन नवराबायको कलश घेऊन आत जाईपर्यंत हा उंबरा कोणी ओलांडायचा नाही. मातीपाणी वाहणारा सिद्धनाथ चुकून त्या बाजूला वळला, तेव्हा वेणीमाधवांनी त्याला अर्धा तास शास्त्र ऐकवलं. येण्याजाण्यापुरतं त्यांनी मागच्या भिंतीत एक खिंडार ठेवलं होतं.

नेमकं तिथेच त्यांच्या बायकोला, गोदावरीबाईंना, मागचं दार हवं होतं. विहीर मागे, दार नसेल तर जन्मभर भरली घागर घेऊन घराला वळसा. वेणीमाधवांनी चौकट, फळ्या, बिजागऱ्या मिळून बारा रुपये काढले आणि नाही म्हटलं. बाई भांडल्या नाहीत. रोज भाकरी वाढताना तेवढं दाराचं विचारीत.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुकुंदराव घर पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर दाराचा विषय निघू नये म्हणून वेणीमाधवांनी तो मुळातूनच मिटवायचं ठरवलं. दुपारी जेवणावरून उठले ते तडक खिंडारात शिरले आणि तीन तासांत दगडमातीने ते डोक्याच्या वरपर्यंत बुजवून टाकलं. सवयीप्रमाणे आतल्या बाजूने.

"झालं का हो?" गोदावरीबाईंनी बाहेरून विचारलं.

"झालं. आता दाराचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत. पण तुम्ही बाहेर कुठून येणार?"

आत थापी दगडावर पडल्याचा आवाज झाला.

"मालक, उंबऱ्यावरनं या की," सिद्धनाथ म्हणाला. "कोन बगतंय हितं?"

"मी बघतेय," गोदावरीबाई म्हणाल्या. "आणि शास्त्र त्यांचंच आहे."

सिद्धनाथाने शिडी आत सोडली. वेणीमाधव अंगाने भरलेले. त्यांनी भिंतीवर पोट टेकताच वरचा ओला थर त्यांना घेऊन खाली आला. मग त्यांनी नुकत्याच बुजवलेल्या जागेतला खालचा एक दगड उपसला. त्याबरोबर शेजारची भिंतही आत झुकायला लागली. तिला पाठ लावून ते उभे राहिले. हलले तर भिंत जाणार आणि न हलावं तर मुकुंदराव येणार. साडेचार झाले होते.

सिद्धनाथ धावत जाऊन मल्लप्पाला घेऊन आला. मल्लप्पाने सगळ्या घराला एक फेरी घातली, तंबाखू मळली आणि भिंतीवर थाप मारली.

"हे परत भरून ऱ्हायाचं न्हाय. हितं चौकटच पायजे. आज वाशांचा टेका देऊन धरतो."

"बसव बाबा, काय हवं ते बसव," आतून आवाज आला.

पाच मिनिटांत वासे लागले, दगड निघाले आणि वेणीमाधव ओणवे होऊन बाहेर आले. विहिरीवर अंग धुऊन, कोट-टोपी चढवून ते पुढे येतात तो मुकुंदराव हजर. त्यांनी छडीने भिंतीचं एकेक पोट टोचून पाहिलं आणि हे काम कोणाचं म्हणून विचारलं.

वेणीमाधवांनी बोट केलं. "हा मल्लप्पा."

मुकुंदरावांनी मल्लप्पाला पाव तास झोडपला. डोळे गहाण टाकून बांधलंस काय, इथपासून सुरुवात करून ते त्याच्या वाडवडलांपर्यंत गेले. वेणीमाधवांना मात्र म्हणाले, "तुम्ही देखरेखीला होतात म्हणून एवढं तरी उभं आहे." मल्लप्पा मान खाली घालून ऐकत राहिला. त्याचे उपकार वेणीमाधवांना कळत होते. साहेब गेल्यावर त्यांनी मजुरीचा दीड रुपया त्याच्या हातावर ठेवला, वर चार आणे खुशीने.

मल्लप्पाने हात मिटला नाही.

"मालक, चारी भिंती माज्या म्हून मी ऐकून घेतलं. आता भिंती माज्या, तर मजुरीबी माजीच की."

"अरे, पण बांधल्या मी."

"मग उद्या कचेरीत जाऊन सांगतो तसं. मुकुंदरावसायेब लई भला मानूस हाय, ऐकून घेतील."

वेणीमाधवांनी गोदावरीबाईंकडे पाहिलं. त्या वाशांमधून विहीर कशी दिसते ते बघत होत्या.

एकूण खर्च पडला तो असा: मल्लप्पाला पंचेचाळीस, दाराला बारा आणि महिन्याची रजा, सगळं वेणीमाधवांकडून. शिव्या तेवढ्या मल्लप्पाने भरल्या. गोदावरीबाईंना मात्र काहीच पडलं नाही.