मास्तरांचा उजवा खांदा

"खांदा कशानं दुखावला?" फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मास्तरांची नजर छताकडे गेली. वर पंखा फिरत होता.

"पंखा पुसताना," मास्तर म्हणाले.

प्राथमिक शाळेत जन्म घालवून 'खोटं बोलू नये' असं शिकवलेल्या माणसाला खोटं बोलायचा सराव नसतो. कुठे थांबावं हे त्याला कळत नाही.

"या वयात स्टुलावर चढलात, सर? आणि स्टूल कुणी धरलं होतं?"

"बायकोनं."

खरं तर बायकोला स्टूल सोडाच, स्वतःचा तोल धरणंही जमत नव्हतं. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पायांतलं बळ आणि मनातला धीर काही परत आला नाही. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर मास्तरच तिला काखेत हात घालून उचलत. त्यात खांदा गेला. पण हे सांगायची सोय नव्हती. लेकीनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, तुम्हाला झेपेनासं झालं की आईला मी माझ्याकडे नेणार. मग तुमचं काही ऐकणार नाही." लेक दूरच्या गावी राहत होती. तिच्या घरात आणखी एका खाटेपुरती जागा होती. दोन खाटांची नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवले. टेबलावर पंचा ठेवून हात पुढे सरकवायचा, भिंतीवर बोटं चढवायची आणि वजन अजिबात उचलायचं नाही. मास्तर बोटं इमानदारीनं चढवत आणि घरी जाऊन बायकोला उचलत. खांदा कसा सुधारणार?

"काही उचलत नाही ना, सर?"

"छे! सगळं तीच उचलते."

"मग त्यांना एकदा घेऊन या. घरी तुमचा हात कसा हलवायचा, ते त्यांना दाखवते."

"तिला वेळ नसतो. सकाळी चालायला जाते."

"मग संध्याकाळी या."

मास्तर कोंडीत सापडले. "संध्याकाळी पळते."

शेजारच्या खाटेवर कमरेला शेक घेत पडलेले एक जाडजूड गृहस्थ ताडकन उठून बसले आणि कळ येऊन पुन्हा आडवे झाले. "पळते?" ते पडल्या पडल्या म्हणाले. "आमची ही जिना उतरतानासुद्धा देवाचं नाव घेते हो!"

झालं. मास्तरांची बायको दवाखान्यात गाजली. गुडघे धरून बसलेल्या बायका विचारू लागल्या, "वहिनी खातात तरी काय?" कमरेचे गृहस्थ विचारत, "बूट कुठले वापरतात?" मास्तर जमेल तशी उत्तरं देत आणि घरी येऊन बायकोच्या सुजलेल्या पावलांना तेल लावत.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघेवाल्या बायकांशी त्यांनी दोन शब्द बोलावेत. मीच त्यांना बोलवायला येते."

"घरी? नको, नको. कशाला त्रास?"

"त्रास कसला? तुमच्याच रस्त्यानं तर घरी जाते मी."

त्या संध्याकाळी मास्तर बायकोला खुर्चीवर घेत होते. "एक, दोन—" म्हणाले आणि उचललं. खांद्यात अशी चमक निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात सुटू न देता ते तिच्यासकट हळूहळू खाली घसरले. दोघं जमिनीवर बसली. ना त्यांना उठता येई, ना तिला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर, आहात का?"

दार नुसतं लोटलेलं होतं. डॉक्टरीणबाई आत आल्या आणि थबकल्या.

"या, बसा," बायको म्हणाली. "आम्ही खालीच बसलोय."

डॉक्टरीणबाईंनी पर्स टाकली. आधी खुबा दाबून पाहिला, पाय हलवून पाहिला, सगळं ठीक असल्याची खात्री केली. मग स्टुलाचा आधार देत, दम घेऊ देत, तिला खुर्चीवर बसवलं. मास्तर पलंगाला धरून आपले आपण उठले.

"आजी, त्या पळणाऱ्या... तुम्हीच का?"

"कोण पळतं?"

"तुम्ही. रोज संध्याकाळी. सर सांगतात."

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं आणि ती हसत सुटली. कितीतरी महिन्यांनी हसली. "अहो, पळून जायच्या वयात तुमच्याशी लग्न केलं. आता कुठे पळू?"

मास्तर मात्र हसले नाहीत. "लेकीला कळलं तर ती हिला घेऊन जाईल," ते म्हणाले. "म्हणून बोललो."

मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आजी, तुम्ही आपलं आपण उठून पाहिलंत कधी?"

"उठू देतात कुठे? 'एक, दोन, तीन' म्हणणार आणि दोनलाच उचलणार! शाळेत एखादं पोर पाढ्यात अडलं, तर हेच खिडकीबाहेर बघत थांबायचे. दुसऱ्यानं उत्तर सांगितलं तर रागवायचे. म्हणायचे, थांबा, येईल त्याचं त्याला. आणि माझ्यासाठी एवढंसं थांबवत नाही?"

"मुलांना पुढचं वर्ष असतं," मास्तर म्हणाले.

बायकोनं पदरानं नाक पुसलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत उशी घालून बैठक उंच केली. "आजी, पुढे सरका. पावलं मागे घ्या. हातांवर जोर द्या आणि नाक गुडघ्यांच्या पुढे न्या. सर, तुम्ही हात मागे बांधा. काही झालं तरी सोडायचे नाहीत. धरायला मी आहे."

मास्तरांचा उजवा हात मागे जाईना. डाव्या हातानं त्यांनी उजव्या बाहीचं टोक ओढून धरलं. बायको थोडी उठली आणि धपकन बसली. मास्तर पुढे झेपावले.

"सर!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. मास्तर वर्गातल्या पोरासारखे जागेवर गेले.

पुन्हा उठली, पुन्हा बसली. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. आणि मग थरथरत, कण्हत, खुर्चीचे हात धरून ती वर आली. मग एक हात सोडला. उभी राहिली.

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. पुसायला हात मोकळे नव्हते.

बायको त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत राहिली. "अहो, आता तरी सरळ उभे राहा ना."

"सरळच उभा आहे."

"नाही हो." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटायचं, मला उचलायला म्हणून तुम्ही वाकता."

मास्तरांनी पाठ ताठ करायचा प्रयत्न केला. पाठ काही ऐकेना. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि मान खाली घातली.

"लेकीला फोन लावा," बायको म्हणाली.

"आत्ता? काय सांगणार आहेस?"

"सांगते, मला यायला जमायचं नाही. घरी आजारी माणूस आहे."