देवधरांचा उभं राहण्याचा हक्क

आमच्या सोसायटीतल्या देवधरांना कुणी "जरा बाजूला व्हा" म्हटलं, की ते आधी चष्मा पुसतात आणि मग म्हणतात, "कलम दाखवा." समोर भाजीवाला असो की बसचा कंडक्टर. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी अर्जांवर शिक्के मारले. निवृत्तीत शिक्का गेला, रुबाब राहिला.

कोरोनानंतर शाळा उघडल्या आणि यांनी आमदारांना निवेदन लिहिलं. मागण्या दोन. रस्त्यावर विनाकारण उभं राहणं हा गुन्हा नाही, असं विधानसभेनं कायद्यात स्पष्ट लिहावं. आणि शाळेत मुलांना मास्कची सक्ती नसावी.

"या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय?" मी विचारलं.

"आपण सही करा. संबंध सरकार बघेल."

मी सही केली नाही. स्वतः दूध आणायला दोन-दोन मास्क लावून जाणारा हा गृहस्थ मुलांचे मास्क उतरवायला निघाला होता. असला ढोंगीपणा मी पाहिला नव्हता, आणि तसं जिन्यात चार जणांना सांगितलंही.

आठवड्याभरानं मला खराडीच्या पोलीस चौकीतून फोन आला. "तुमचे देवधर पाच दिवस इथल्या शाळेसमोर उभे राहतायत. वॉचमननं हटकलं तर कलम मागतात. नंबर तुमचाच दिला त्यांनी. घेऊन जा."

मनातल्या मनात चार शब्द सुनावत गेलो. हवालदार मेटाकुटीला आले होते.

"आजोबा, कलम राहू द्या. कशाला उभे राहता, तेवढं सांगा."

देवधरांनी चष्मा काढून पुसला.

"नात आहे त्या शाळेत. चौथीत."

"मग घरी जाऊन भेटा की."

"मुलगा दार उघडत नाही. तीन वर्षं झाली. बोललो मीच वाईट होतो." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पूर्वी रस्त्यापलीकडून दिसायची. आता दोन वर्षांनी सगळ्याच पोरी उंच झाल्यात, आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पाच दिवस बघतोय. ओळखूच येत नाहीये."

मला जिन्यातलं माझं बोलणं आठवलं.

हवालदारांनी घड्याळ पाहिलं. "अजून मधली सुट्टी व्हायचीय. डबा खाताना मास्क काढतात पोरं. मागच्या जाळीतून पटांगण दिसतं. चला, मी येतो बरोबर, म्हणजे कुणी हटकणार नाही."

देवधर झटकन उठले. दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले,

"उद्या जाऊ या का? आज दाढी केलेली नाही."